हार घालायचा, हूड उघडायचं नाही

दसऱ्याच्या जवळच्या शनिवारी आमच्या मंडळाचा कार्यक्रम असतो. शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला असतो, आणि आत जेवणाच्या रांगा लागण्याआधी बाहेर पार्किंग लॉटमध्ये गाड्यांची पूजा होते. हळदकुंकू, झेंडूचा हार, नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू. खंडेनवमी आणि दसरा आम्ही एकाच दुपारी उरकतो, कारण सुट्टी कुणालाच नसते. याबद्दल माझी काही तक्रार नाही. मला ती पूजा आवडते. माझ्या गाडीलाही मी हार घालते.

या वर्षी मी समितीला एक सूचना केली. पूजा झाल्यावर अर्धा तास एका गाडीचं हूड उघडू. थ्रॉटल बॉडी म्हणजे काय, ती का मळते आणि घरच्या घरी कशी पुसायची, हे मी दाखवते. ज्यांना बघायचं ते बघतील, बाकीचे जेवायला जातील. उत्तर आलं, फार सभ्य भाषेत, आणि त्यात नकाराची दोन कारणं होती. पहिलं, लायेबिलिटी. हे मला मान्य आहे. शाळेच्या आवारात स्प्रेचा डबा घेऊन उभं राहायचं तर विम्याचा प्रश्न येतोच. दुसरं कारण असं की हा विषय ‘आपल्या कार्यक्रमाच्या दर्जाला धरून नाही’. पहिल्या कारणावर भांडण नाही. हा लेख दुसऱ्या कारणासाठी आहे.

आधी ती वस्तू काय आहे ते सांगते, कारण जिचा दर्जा ठरवला गेला ती समितीतल्या कुणी पाहिली असेल असं मला वाटत नाही. पेट्रोल इंजिनात हवा ज्या नळीतून जाते तिच्या तोंडाशी एक गोल झडप असते. मोठ्या नाण्यासारखी, मधल्या दांड्यावर फिरणारी. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता तेव्हा खरं तर ही झडप उघडता. किती पेट्रोल सोडायचं ते कॉम्प्युटर आत गेलेल्या हवेच्या हिशेबाने ठरवतो. जुन्या गाड्यांत पेडलपासून झडपेपर्यंत केबल असायची. आता पेडल फक्त सिग्नल देतं आणि झडप एक छोटी मोटर फिरवते. ही झडप आणि तिच्या भोवतीचं धातूचं घर, एवढीच थ्रॉटल बॉडी.

ती मळते कशाने? बाहेरची धूळ फिल्टर अडवतो. मळ येतो तो इंजिनाच्या पोटातून. पिस्टनच्या कडेने थोडा जळका वायू खाली ऑइलच्या भागात निसटतो. पूर्वी तो सरळ हवेत सोडून देत. १९६०च्या दशकापासून तो पीसीव्ही नावाच्या झडपेतून परत इंजिनातच जाळायला पाठवतात. प्रदूषणाच्या दृष्टीने हे उत्तमच झालं, पण त्या वायूबरोबर ऑइलची वाफ येते आणि झडपेच्या कडेला बसते. वर्षानुवर्षं बसून तिची काळी चिकट साय होते. शेगडीच्या वरच्या एक्झॉस्ट फॅनवर फोडणीचा थर बसतो ना, अगदी तसाच.

आता गंमत बघा. गाडी हायवेवर सत्तर मैलांनी जात असते तेव्हा झडप बरीच उघडी असते, आणि कडेच्या सायीने काही बिघडत नाही. बिघडतं ते लाल दिव्यापाशी. पाय पेडलवरून काढला की झडप जवळजवळ बंद होते आणि चंद्रकोरीएवढ्या फटीतून इंजिन श्वास घेतं. तीच फट सायीने भरलेली असते. कॉम्प्युटर बिचारा समजूतदार असतो. हवा कमी पडते म्हणून तो झडप किंचित जास्त उघडी ठेवायला शिकतो. पुढच्या वर्षी आणखी किंचित. त्याची मर्यादा संपली की इंजिन सिग्नलला थरथरायला लागतं, आणि एखाद्या दिवशी बंद पडतं.

माझं बंद पडलं ते डावीकडे वळताना, भर चौकात, समोरून येणाऱ्या ट्रकच्या साक्षीने. गाडी २०१३ची, नव्वद हजार मैल झालेली. डीलरकडे नेली. काउंटरवरच्या सद्गृहस्थांनी स्क्रीन माझ्याकडे वळवून एक ‘पॅकेज’ दाखवलं: थ्रॉटल बॉडी सर्व्हिस, फ्युएल सिस्टिम क्लीनिंग, शिवाय टाकीत ओतायची एक बाटली. तीनशे ऐंशी डॉलर, अधिक टॅक्स. मी विचारलं, ही बाटली काय करते? म्हणाले, सगळं आतून साफ करते, थ्रॉटलसुद्धा. तेव्हा मला काही माहीत नव्हतं. तरी मी रसायनशास्त्र शिकलेली बाई आहे आणि ‘सगळं आतून साफ करते’ या वाक्याची मला ॲलर्जी आहे. घरी येऊन आकृती पाहिली. पेट्रोल थ्रॉटलच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला सोडलं जातं. टाकीत ओतलेली बाटली या झडपेपर्यंत पोचूच शकत नाही. नदीत सोडलेला दिवा उगमाकडे वाहत जाईल, तर ती बाटली थ्रॉटल धुईल. आणि ज्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडतात, त्यांत तर ते इनटेकच्या झडपांनाही लागत नाही. तिथला कार्बन हा वेगळाच, जास्त खर्चाचा विषय आहे. हे कळायला पीएच.डी. लागत नाही. एक आकृती बघायची तयारी लागते.

आपण कुठे कमी पडतो ते मला इथे दिसतं. तीनशे ऐंशी डॉलर देणं परवडतं का, हा प्रश्न नाही. आपल्यातल्या पुष्कळांना सहज परवडतं. त्या काउंटरवर उभं असताना समोरच्याने कोणतंही वाक्य टाकावं आणि आपण मान डोलवावी, याची आपल्याला लाज वाटत नाही. उलट हूड उघडून बघण्याची वाटते.

मंडळातले एक काका मला म्हणाले, “अगं, तू शिकलेली मुलगी. तुझ्या एका तासाची किंमत काढ, मग सांग हे परवडतं का.” हा युक्तिवाद आपल्यात इतका चालतो की कुणी तो तपासतही नाही. चला, तपासू. डीलरकडे जायला पंचवीस मिनिटं, यायला पंचवीस, आणि तिथल्या सोफ्यावर टीव्हीसमोर अडीच तास. म्हणजे तीन तासांहून जास्त. मी पहिल्यांदा घरी केलं तेव्हा सगळं मिळून दोन तास लागले, दुसऱ्यांदा चाळीस मिनिटं. स्प्रेचा डबा दहा डॉलरच्या आसपास येतो आणि दोन-तीन वेळा पुरतो. शिवाय माझ्या शनिवार दुपारच्या तासाला मला कोण पैसे देतं? पोस्टडॉकला ओव्हरटाइम नसतो, आणि काकांनाही नाही. ते तीनशे ऐंशी डॉलर टॅक्स कापून हातात आलेले असतात, म्हणजे ते मिळवायला त्याहून बरेच जास्त कमवावे लागतात. तासाची किंमत काढायची तर सगळी काढा. ज्या शनिवारी काका हे मला सांगत होते, त्याच शनिवारी त्यांनी चार तास क्रिकेट पाहिलं होतं. त्या तासांचा दर कुणी लावत नाही.

खरं कारण तासात नाही. ते हाताला लागणाऱ्या काळ्या रंगात आहे.

हे मी इतक्या ठामपणे म्हणते कारण हेच काम मी रोज प्रयोगशाळेत करते. मास स्पेक्ट्रोमीटरचा आयन सोर्स मळतो. मग तो उघडायचा, भाग सोडवायचे, मेथॅनॉल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसायचे, ओरखडा येऊ न देता परत बसवायचे आणि कॅलिब्रेट करायचं. व्हॅक्यूम पंपाचं काळं झालेलं ऑइलही मीच बदलते. थ्रॉटल बॉडीच्या कामात आणि त्यात तत्त्वतः काडीचाही फरक नाही: द्रावक, कापड, संयम आणि शेवटी यंत्राला नवी शून्यरेषा शिकवणं. एका कामाला ‘इन्स्ट्रुमेंटेशन’ म्हणतात आणि ते माझ्या सीव्हीवर आहे. दुसरं ‘मेकॅनिकचं काम’ म्हणून कार्यक्रमाच्या दर्जात बसत नाही. हात तेच, बोटं तीच. फक्त एका ठिकाणी अंगात पांढरा कोट आहे. हा भेद आपण इथे विमानातून बरोबर आणला. तो कुठून आला हे आपल्याला नीट माहीत आहे. कोणत्या हातांनी कोणतं काम करायचं हे जिथे जन्मानेच ठरायचं, तिथून आला. हत्यारांची पूजा मुळात ज्यांची पोटं हत्यारांवर होती त्यांची. आपण पूजा तेवढी घेतली.

आणि हे सगळं फार जुनंही नाही. माझ्या लहानपणी साताऱ्यात रविवारी सकाळी अंगणात बजाज चेतक तिरकी केलेली असायची. बाबा बँकेत नोकरीला. पण प्लग काढून, पॉलिश पेपरने घासून, फुंकर मारून ते परत बसवायचे. गाडी ‘मिसिंग मारते’ की ‘पिकअप घेत नाही’ यातला फरक त्यांना आवाजावरून कळायचा. कार्बोरेटरपर्यंतही हात जायचा. शेजारचे मास्तर, समोरचे तलाठी, सगळे हेच करायचे. ते काही श्रमप्रतिष्ठेचे पुजारी नव्हते. पैसे वाचवायचे म्हणून करायचे. तरी त्यांना आपल्या वाहनात काय आहे ते ठाऊक होतं. त्या बापांच्या मुलांनी इंजिनिअरिंग केलं, इथे आली, आणि आता वायपरचं ब्लेडसुद्धा दुकानातल्या पोऱ्याकडून बदलून घेतात. भाषणात मात्र लक्ष्मणराव किर्लोस्कर येतात. बेळगावात सायकली दुरुस्त करणारा माणूस पुढे कारखाना उभा करतो, हे व्यासपीठावरून सांगताना आपला ऊर भरून येतो. सायकल दुरुस्त करताना त्यांच्या हाताला काय लागत असेल, ते त्या भाषणात नसतं.

मुलांचं तर विचारूच नका. मंडळातली निम्मी मुलं रोबोटिक्सच्या टीममध्ये आहेत. आईबाप त्यांना पहाटे स्पर्धेला नेतात, हजारो डॉलर खर्च करतात, कारण कॉलेजच्या अर्जात ते चांगलं दिसतं. मोटर, गिअर, सेन्सर, कंट्रोलर. अरे, हे सगळं तुमच्याच गॅरेजात उभं आहे! इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल म्हणजे मोटर, गिअर आणि सेन्सर यांचाच संच. पण त्याला हात लावलेला अर्जात लिहिता येत नाही, म्हणून तो शिकण्यासारखा विषय नाही.

आता विरोधकांच्या बाजूने जे खरं आहे तेही सांगायला हवं, नाहीतर मीही त्या काउंटरवाल्यासारखीच.

एक, लक्षण नसेल तर हात लावू नका. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या देखभालीच्या तक्त्यात थ्रॉटल साफ करणं हे कामच नाही. ‘तीस हजार मैल झाले, करून घ्या’ हे काउंटरवरचं वेळापत्रक आहे. आयडलिंग थरथरतंय, आरपीएम खाली-वर होतोय, पी०५०५ किंवा पी०५०६सारखा कोड आलाय, तरच बघा. आणि तेव्हाही एखादी व्हॅक्यूमची नळी फाटलेली नाही ना, हे आधी पाहा. त्याची लक्षणं अशीच दिसतात.

दोन, आतला स्प्रे वाटेल तो चालत नाही. काही झडपांवर कारखान्यातच मळ न धरणारा लेप दिलेला असतो, काहींवर तर ‘साफ करू नका’ असं लेबलच असतं. कार्बोरेटरचा कडक क्लीनर तो लेप उतरवू शकतो. थ्रॉटल बॉडीसाठीचाच डबा घ्या. तो एअरफ्लो सेन्सरवर मारू नका. त्याची तार नाजूक असते आणि तिचा क्लीनर वेगळा मिळतो. इंजिन थंड, जागा मोकळी, हातात नायट्राइलचे मोजे, डोळ्यांवर चष्मा. ते द्रावण पेटतं.

तीन, आणि हे मी स्वतः भोगलं. गाडी बंद करून किल्ली लांब ठेवली, हवेच्या नळीचा क्लॅम्प स्क्रू ड्रायव्हरने सैल केला, नळी बाजूला केली, आणि ती काळी साय पहिल्यांदा पाहिली. स्प्रे कापडावर मारून, थेट आत न फवारता, कडा पुसत गेले. झडप बोटाने जबरदस्तीने ढकलायची नाही, आतले गिअर तुटू शकतात, हे वाचलेलं होतं, ते पाळलं. अर्ध्या तासात धातू चमकला. जुना टी-शर्ट डांबरात बुडवल्यासारखा झाला. नळी बसवली, गाडी सुरू केली, आणि आरपीएमचा काटा सोळाशेवर जाऊन बसला. खाली येईना. वर चेक इंजिनचा पिवळा दिवा. माझ्या पोटात गोळा आला. काकांचा चेहरा डोळ्यांपुढे आला, खोटं कशाला सांगू.

झालं होतं एवढंच की कॉम्प्युटरला अजून जुनी, मळकी झडपच आठवत होती. साय गेली तरी तो सवयीने तेवढीच उघडून ठेवत होता आणि आता त्यातून भरपूर हवा जात होती. त्याला नव्याने शिकवावं लागतं. त्याची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी असते. निसानमध्ये पेडल ठराविक वेळा, ठराविक सेकंदांनी दाबायचा एक प्रकार आहे. फोक्सवॅगनला सहसा स्कॅनर जोडून ‘ॲडाप्टेशन’ करावं लागतं. माझ्या गाडीला इंजिन गरम करून, एसी आणि दिवे बंद ठेवून काही वेळ नुसतं चालू ठेवायचं आणि मग फिरवून आणायचं, एवढ्यावर भागलं. दुसऱ्या दिवशी काटा सातशेवर आला आणि तिथेच राहिला. म्हणून सांगते, ही माहिती डबा विकत घेण्याआधी काढा. दुसऱ्या वेळी मी बॅटरीची निगेटिव्ह तार काढून काम केलं. पण बॅटरी काढली की गाडीच्या स्वतःच्या तपासण्यांची नोंदही पुसते, तेव्हा लगेच राज्याच्या वार्षिक इन्स्पेक्शनला जाऊ नका, ‘नॉट रेडी’ म्हणून परत पाठवतात.

“मग वॉरंटी?” हा पुढचा हुकमी प्रश्न. १९७५च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार केवळ तुम्ही स्वतः किंवा बाहेरच्या गॅरेजने काम केलं म्हणून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. तुमच्या कामामुळे बिघाड झाला हे तिला दाखवावं लागतं. आणि मी ज्या मॅसॅच्युसेट्समध्ये राहते तिथल्या लोकांनी तर २०१२ साली मतपेटीतून ‘राइट टू रिपेअर’ मिळवला. दुरुस्तीची जी माहिती डीलरला मिळते ती गाडीच्या मालकाला आणि बाहेरच्या गॅरेजलाही मिळाली पाहिजे, असा तो कायदा. २०१४मध्ये कंपन्यांनी तोच करार देशभरासाठी मान्य केला. २०२०मध्ये गाडी वायरलेसने पाठवते त्या माहितीबद्दल पुन्हा मतदान झालं, सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी ‘हो’ म्हटलं, आणि कंपन्या लगेच कोर्टात गेल्या. शेजाऱ्यांनी, म्हणजे प्लंबर, शिक्षक, नर्स अशा लोकांनी, हा हक्क भांडून घेतला. त्यात आपल्या मंडळाने एक पत्रकसुद्धा वाटलं नाही.

राहिला मेकॅनिकच्या पोटाचा प्रश्न. अचानक आपल्याला त्याची फार काळजी वाटते. अनेक डीलरशिपमध्ये काउंटरवरच्या माणसाला विक्रीवर कमिशन असतं आणि आत काम करणाऱ्याला ‘फ्लॅट रेट’ने, म्हणजे पुस्तकात लिहिलेल्या तासांवर पैसे मिळतात. तुम्ही भरता त्या तासाच्या दरातला लहानसा हिस्सा त्याच्या हाती पडतो. बाटली ओतून त्याचं पोट भरत नाही. मी आता ज्या छोट्या गॅरेजात ब्रेकसाठी जाते, तिथला म्हातारा मला सांगतो की काय झालंय ते नीट सांगणारं गिऱ्हाईक त्याला हवं असतं. ब्रेक मी स्वतः करत नाही. सगळं स्वतः करा असं माझं म्हणणंच नाही. काय करायचं नाही हेसुद्धा आत बघितल्याशिवाय ठरवता येत नाही.

आणखी एक अडचण आहे, जी समितीने काढली नाही पण मी काढते. आपल्यातले बरेच जण अपार्टमेंटमध्ये राहतात आणि भाडेकरारात पार्किंगमध्ये गाडी दुरुस्त करायला मनाई असते. माझ्याही होती. मी हे काम एका मैत्रिणीच्या ड्राइव्हवेत केलं. ती तमिळ आहे. तिच्या घरी आयुधपूजेला पान्हा आणि पक्कड देव्हाऱ्यासमोर खरोखर मांडलेली असते, आणि पूजेनंतर ती परत वापरात येते.

तोच ड्राइव्हवे तिने पुन्हा द्यायचं कबूल केलंय. मंडळाच्या कार्यक्रमानंतरच्या रविवारी, सकाळी दहाला. मंडळाचा याच्याशी संबंध नाही, तेव्हा विम्याची चिंता नको. ज्यांची गाडी सिग्नलला थरथरते त्यांनी ती आदल्या रात्रीच आणून लावावी, म्हणजे इंजिन थंड असेल. येताना मॅन्युअल आणि एक जुना टी-शर्ट आणा. मुलांना आणलंत तर उत्तम. हार काढायची गरज नाही, हूड उघडताना तो अडकणार नाही एवढं बघू.